मालकी बदलल्यास

जुन्या गाड्या विकणारा तो माणूस पन्नाशीचा असेल. मी त्याला मनातल्या मनात टायवाला म्हणायला लागले होते, कारण एवढ्या उकाड्यातसुद्धा त्यानं टाय आवळून बांधला होता आणि दर दोन वाक्यांनी तो त्याची गाठ चाचपायचा. करड्या रंगाची सहा वर्षं जुनी गाडी दाखवत तो म्हणाला, की ही शाळेतल्या एका बाईंची, घर ते शाळा एवढीच फिरलेली. जुनी गाडी म्हटली, की ती नेहमी अशाच कुठल्या तरी जपून चालवणाऱ्या बाईंची निघते. बेफाम हाकणारी माणसं आपल्या गाड्या कुठे विकतात, देव जाणे. मी हे त्याच्या तोंडावर बोलले, तर तो हसला आणि त्यानं पुन्हा टाय चाचपला.

गाडी मात्र बरी होती. मी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात चौदा वर्षं काम करते, सकाळी काउंटर आणि दुपारनंतर कपडे पोचवायला दुकानाची व्हॅन, त्यामुळे गाडीतलं थोडंफार कळतं. क्लच दाबून बघितला, गिअर टाकून बघितले, मागच्या आवारात दोन चकरा मारल्या. हे मागच्या सीटवर बसून होते. ह्यांना गाडी चालवता येत नाही, कधी शिकलेच नाहीत. बसायला त्रास होतोय का, एवढंच मी विचारलं. नाही, पाय पसरता येतात, म्हणाले. मग घेऊन टाकू, म्हटलं.

गाडी लागत होती ती ह्यांच्यासाठीच. दर सोमवारी आणि गुरुवारी ह्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, रुग्णालयात न्यावं लागतं. जाताना ठीक असतं. येताना दोन बस बदलायच्या, आणि औषध चढवून झालं, की ह्यांना उभं राहवत नाही. मागच्या महिन्यात बसथांब्यावर पोटातलं सगळं बाहेर आलं, माझ्या पिशवीत. आजूबाजूची माणसं दोन पावलं लांब सरकली. त्याच दिवशी मी ठरवलं, जुनी तर जुनी, पण गाडी घ्यायची.

आता मुद्द्याचं सांगते. तीन आठवड्यांपूर्वी तपासणी झाल्यावर हे आत कपडे घालत होते, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. फाइल छातीशी धरून म्हणाल्या, वर्ष धरा, फार तर सव्वा. मग विचारलं, त्यांना मी सांगू की तुम्ही सांगाल. मी म्हटलं, मी सांगते. तेवढ्यात हे बाहेर आले, शर्टाची बटणं एक घर चुकून लागलेली. मी ती सगळी काढून परत लावली. काय म्हणाल्या, असं ह्यांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं, की औषध लागू पडतंय, जरा वेळ लागेल.

खोटं कसं बोलतात ते मला पक्कं माहीत आहे. डाग कशाचा म्हणून विचारलं, की खोटं बोलणारं गिऱ्हाईक आधी कपड्याकडे बघतं आणि मग तोंड उघडतं. म्हणून मी बटणांकडे बघितलं नाही, सरळ ह्यांच्या डोळ्यांत बघून बोलले. ह्यांनी मान डोलावली. विषय तिथेच संपला.

तेव्हापासून मला काही वाटेनासंच झालंय. रडू आलं नाही, भीती वाटली नाही. कामावर जाते, कपड्यांना चिठ्ठ्या लावते, व्हॅन काढते. परवा एकच कोट दोनदा धुवायला पाठवला. मालक माझ्यावर तोंडसुख घेत होता, आणि मला वाटत होतं, हा शेजारच्या कुणाला तरी बोलतोय. लेक फोनवर विचारते, बाबा कसे आहेत, तर तिलाही तेच सांगते, औषध लागू पडतंय. इतक्यांदा बोललेय, की आता ते वाक्य मशीनमधून पावती निघावी तसं आपोआप निघतं.

एकच गोष्ट पक्की होती, ह्यांना कळू द्यायचं नाही. का, ते मला विचारू नका. हा माणूस अजून सकाळी पेन घेऊन शब्दकोडं सोडवायला बसतो, चुकलं की स्वतःलाच शिव्या घालतो, पुढच्या उन्हाळ्यात बाल्कनीच्या कठड्याला रंग द्यायचाय म्हणतो. ते पेन खाली ठेवलेलं मला बघायचं नव्हतं. बाकी मग काय व्हायचं ते होऊ दे.

तर आम्ही टायवाल्याच्या टेबलाशी बसलो. टेबलावर काच, काचेखाली नव्या गाड्यांची चित्रं, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. किंमत आधीच ठरली होती, त्यामुळे घासाघीस उरली नव्हती. टायवाल्यानं फॉर्म पुढ्यात ओढला आणि मालक म्हणून ह्यांचं नाव लिहिलं. त्यानं विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. आमच्याकडे घर, वीज, टेलिफोन, सगळं ह्यांच्याच नावावर आहे. माझ्या नावावर एक वाचनालयाचं कार्ड आहे, तेही पुस्तक परत न केल्यामुळे बंद पडलंय.

नाव लिहून झाल्यावर त्यानं घसा साफ केला आणि वाढीव वॉरंटीचं विचारलं. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, काहीही बिघडलं तर कंपनी बघून घेईल, तुमच्या डोक्याला ताप नाही. एक वर्षाची आहे, दोन आहे, तीन आहे. कुठली लिहू?

इथे ह्यांच्या नोकरीचं सांगायला हवं. मिक्सर, पंखे आणि पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीत हे एकतीस वर्षं तक्रार विभागात होते. लोक वॉरंटीचे अर्ज पाठवायचे आणि हे ते वाचून कुठल्या कलमाखाली नाकारता येतील ते शोधायचे. पंप पावसात भिजला, नामंजूर. मिक्सरमध्ये हळकुंडं दळली, नामंजूर. माणूस मनानं वाईट नाही हो, पण कामात कुणाची गय करायचे नाहीत. आणि त्यामुळे आमच्या घरात एक नियमच होता, वाढीव वॉरंटी घ्यायची नाही. फ्रिज घेताना नाही, धुलाईचं मशीन घेताना नाही. विक्रेत्यानं विचारलं, की हे हसून सांगायचे, नको, मी ती नाकारायचंच काम करतो. फ्रिज वॉरंटी संपल्यावर दोन महिन्यांनी बसला, तर ह्यांनी चार रविवार खर्ची घालून तो स्वतः दुरुस्त केला, पण हार मानली नाही. लेकीच्या लग्नातसुद्धा व्याह्यांना म्हणाले होते, मुलगी देतोय, वॉरंटी मागू नका. ते हसले. मी तेव्हा ह्यांना कोपरानं ढोसलं होतं.

तर आता हे नको म्हणणार, अशा तयारीत मी पर्स उचलायला वाकले. पण हे माझ्याकडे वळून म्हणाले, चालवणार तू, तूच ठरव.

एक म्हटलं असतं, तर डॉक्टरीणबाईंचाच आकडा माझ्या तोंडून बाहेर पडला असता. दोन म्हणजे अर्धवट, जणू मी बोटांवर हिशेब करतेय. टायवाला पेन उघडून बसला होता, आणि हे माझ्याकडे अगदी सहज, बस कधी येते विचारावं तसं बघत होते. मी मनाचा धडा केला. ह्यांच्या डोळ्यांत बघून मी सांगितलं, तीन वर्षांची द्या. वर हेही जोडलं, की अजून चार-पाच वर्षं तरी आम्हाला ही गाडी पुरवायचीय, बाल्कनीचा रंगसुद्धा हिच्यातूनच आणायचाय.

टायवाल्याचा चेहरा फुलला. ह्यांचा चेहरा होता तसाच राहिला. जमलं, असं मला वाटलं, आणि ते वाटणंही कुठून तरी लांबून आलं.

ह्यांनी वॉरंटीचा कागद मागून घेतला. चष्मा लावला आणि शेवटचं पान आधी उघडलं. ही ह्यांची जुनी रीत. कंपनी काय देणार ते पहिल्या पानावर असतं आणि काय देणार नाही ते शेवटच्या, असं म्हणतात. अंगठा ओळीखाली धरून एकेक कलम वाचायला लागले. टायवाला म्हणाला, साहेब, त्यात सगळं नेहमीचंच आहे. हे वाचतच राहिले. मी पंख्याकडे बघत बसले. बऱ्याच वेळानं अंगठा एका ओळीवर थांबला. ह्यांनी ती हळू आवाजात वाचली. मालकी बदलल्यास ही वॉरंटी आपोआप रद्द समजण्यात येईल.

"म्हणजे गाडी विकली तर, साहेब," टायवाला म्हणाला.

"विकली नाही," हे म्हणाले. "मालक गेला आणि गाडी बायकोच्या नावावर झाली, तर?"

टायवाल्याचा हात गाठीशीच राहिला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्या सैल झालेल्या कॉलरकडे, मग कागदाकडे. वरती विचारून सांगतो, असं काहीतरी पुटपुटला.

"विचारू नका. मी त्या खुर्चीवर असतो तर अर्ज नामंजूर केला असता." हे ज्या आवाजात पंप आणि मिक्सरबद्दल बोलायचे, त्याच आवाजात बोलत होते. "हा फॉर्म फाडा. गाडी पहिल्यापासून हिच्या नावावर करा."

नवा फॉर्म आतल्या खोलीत होता. टायवाला तो आणायला गेला, आणि जरा जास्तच घाईनं गेला. आम्ही दोघं टेबलाशी राहिलो. ह्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"तू."

"मी कधी?"

"आत्ता. इतक्या वर्षांत तू कधी वॉरंटी मागितलीयस?"

नको म्हटलं असतं तर भागलं असतं. आमच्या घरात जे उत्तर लहान पोरालाही पाठ होतं, तेवढंच द्यायचं होतं, आणि तेच माझ्या डोक्यात आलं नाही. एक, दोन की तीन, ह्यातच मी गुरफटले. रडू यायला हवं होतं, पण आला तो राग, माझा मलाच. तीन आठवडे डोळ्यांत तेल घालून जपलेलं, आणि सांडलं कुठे, तर एका टायवाल्याच्या टेबलावर.

"किती म्हणाल्या?" ह्यांनी विचारलं.

"वर्ष." मग मी म्हटलं, "सव्वा."

ह्यांनी मान डोलावली. कोड्यातला शब्द चौकटीत बसतोय का, ते बघताना डोलावतात तशी. थोडा वेळ काचेखालच्या गाड्या बघत राहिले. माफी मागायची म्हणून मी त्यांच्याकडे वळले. त्यांनीच माझ्या हातावर हात ठेवला. त्यांचा हात गार होता, हल्ली गारच असतो.

"मग तीन सांगितलीस ते बरं केलंस," ते म्हणाले. "एकटीनं गॅरेजवाल्यांशी भांडत बसशील, मला माहीत आहे."

टायवाला परत आला. आता तो एकदम हळू बोलायला लागला होता, आणि त्याचा मला संताप आला. मालक म्हणून माझं नाव लिहिलं. पत्ता लिहिला. वय विचारलं, मी खरं सांगितलं. मग एका रकान्यापाशी येऊन पेन थांबलं. मालकाचं बरंवाईट झालं तर गाडी कुणाला द्यायची, त्याचं नाव तिथे लिहायचं होतं. नेहमी नवऱ्याचंच घालतात, असं म्हणत त्यानं ह्यांच्याकडे चोरून बघितलं.

"मुलीचं घाला," हे म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढला, पलीकडच्या टेबलावरच्या लोकांनी वळून बघितलं. "ह्यांचं घाला."

"अगं, त्याला काही अर्थ नाही. उद्या बदलायला परत फेऱ्या मारशील."

"मारीन. ह्यांचंच लिहा."

टायवाला कधी माझ्याकडे, कधी ह्यांच्याकडे बघत राहिला. ज्या माणसानं एकतीस वर्षांत चुकीचा एकही अर्ज पुढे सरकू दिला नाही, तो माझ्याकडे बघत होता. ह्या खेपेला मला त्यांच्याकडे बघवलं नाही, मी फॉर्मकडेच बघत राहिले.

"लिहा," हे म्हणाले, आणि स्वतःच्या नावातली अक्षरं त्याला एकेक करून सांगायला लागले.