काथ्याची गाठ

मालनच्या वकिलांनी काथ्याच्या दोरीचा तुकडा माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "कोंडीराम, ही गाठ तुमची?"

माझीच होती. समोरच्या बाकावर आमच्या चाळीतली मालन बसली होती, डावा पाय गुडघ्यापासून गेलेली. पलीकडे आमचे घरमालक मनमोहनराव. ठाकूरद्वारच्या त्यांच्या चाळीत जिन्याखाली मी सतरा वर्षं राहत होतो, तिथंच सुतारकाम करत होतो. आदल्या दिवशी ते गोड बोलून गेले होते. कठडा धड होता, मोर्चा बघायला झुंबड उडाली म्हणून मोडला, एवढंच सांग म्हणाले. जिन्याखालची जागा कुणाची, याची आठवण करून द्यायलाही विसरले नाहीत.

खरं काय ते मला ठाऊक. दुसऱ्या मजल्यावरच्या कठड्याचा एक खांब बुडाशी कुजला होता. मालकांना मी तीनदा सांगितलं. आधी म्हणाले गणपती होऊ देत, मग म्हणाले दिवाळी. मला राहवेना. मी तो खांब दोरीने शेजारच्या खांबाला आवळला. काम नीटनेटकं दिसावं ही माझी मेली खोड, म्हणून गाठ आतल्या अंगाला दडवली. खांब हलायचा थांबला. महिन्याभरात संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा गल्लीतून गेला, आणि मालन नेमकी त्याच खांबाला टेकून वाकली, ती खांबासकट खाली गेली.

मालकांचे वकील म्हणाले, मोर्चा येणार आणि माणसं तिथं टेकणार, हे मालकांना काय स्वप्नात दिसलं होतं? तेव्हा जज्जसाहेबांनी मला विचारलं, एरवी तिथं कुणी टेकतं का.

"साहेब, चाळीत कठड्याला टेकल्याशिवाय कोण बोलतं? धुणं तिथंच वाळत घालतात, भाजीवाल्याला हाक तिथूनच मारतात. मोर्चा नसता तरी आज ना उद्या कुणीतरी पडलंच असतं."

"मालकांना हे माहीत होतं?"

मनमोहनराव माझ्याकडे रोखून बघत होते. मी जज्जसाहेबांकडे तोंड केलं.

"तीनदा सांगितलं, साहेब. पण खांब हलायचा तोवर बायका जपून असायच्या. मी बांधला आणि त्या निर्धास्त झाल्या. माझीही चूक लिहून घ्या."

ती लिहिली की नाही, कळलं नाही. निकाल मालनच्या बाजूने लागला. रोजच्या वावरातला धोका ठाऊक असताना मालकाने हातावर हात ठेवून बसायचं नसतं, असं साहेब म्हणाले. आठवड्याभरात माझी हत्यारं जिन्याखालून बाहेर आली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

निघताना मालनने हाक मारली. "दादा, कुबडी काखेत रुतते. जरा बघता?"

मी कुबडीची कड तासून गुळगुळीत केली. वर काहीतरी मऊ गुंडाळायला हवं होतं. पेटीत हात घातला तर काथ्याच्या दोरीची गुंडाळी हाताशी आली. ती तशीच आत सारली आणि खांद्यावरचा पंचा फाडून गुंडाळला. गाठ बाहेरच्या अंगाला मारली, तिला दिसेल अशी.