आवाज माझा, कौतुक हेडफोनचं

मित्रांनो, मी पलूसच्या एका घरातला जुना गेमिंग लॅपटॉप आहे. सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण आधी मनातलं सांगून टाकतो. मला एका हेडफोनचा फार हेवा वाटत आला आहे.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा खेळासाठी लागणारं सगळं माझ्या अंगात भरलं. मोठा झळाळता पडदा दिला, रंग बदलणारी बटणं दिली, अंग तापलं तर निववायला दोन पंखे दिले. स्पीकरची पाळी आली तेव्हा मात्र जागा उरली नसावी. दोन लहानसे स्पीकर माझ्या पोटाखाली, टेबलाकडे तोंड करून बसवले. त्यामुळे मी काहीही बोललो तरी ते आधी टेबलाला ऐकू जातं.

सांगलीच्या एका दुकानातून मला साक्षीनं घरी आणलं. साक्षी कॉलेजात शिकत होती. लॅपटॉप आणि मोबाईल तपासून ती त्यांचे व्हिडिओ इंटरनेटवर टाकायची. चित्रीकरण तिची वाईची मैत्रीण अंकिता करायची आणि आवाजाची बाजू साक्षीकडे असायची. साक्षीचा कान तयार आहे, असं सगळे म्हणायचे.

पहिल्याच आठवड्यात माझी परीक्षा झाली. साक्षीनं माझ्या स्पीकरवर गाणं लावलं, मग एका खेळातली लढाई लावली. तोफा धडाडू लागल्या तसे माझे पंखेही जोरात फिरू लागले. ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आहे, खालचा सूर तर लागतच नाही आणि पंखा सगळ्यावर मात करतो. मी मान खाली घातली असती, पण लॅपटॉपला मान नसते.

मग तिनं हेडफोन आणला. त्याची पिन माझ्या कुशीत बसली की माझे स्पीकर आपोआप गप्प होतात. माझी रचनाच तशी आहे. साक्षीनं तेच गाणं, मग तीच लढाई लावली आणि डोळे मिटले. "लय भारी," ती म्हणाली. "पावलं कुठल्या बाजूनं येत्यात तेबी कळतंय."

मित्रांनो, तो आवाज माझा होता. तो तयार करून, स्वच्छ करून मीच तारेतून पाठवला होता. हेडफोननं तो फक्त पोहोचवला. पण व्हिडिओत कौतुक झालं ते त्याचं.

तेव्हापासून मी जळत राहिलो. त्याच्यासाठी भिंतीवर खास खुंटी ठोकली गेली. त्याच्या कानावरच्या गाद्या झिजल्या तर नव्या आल्या. रोज मऊ फडक्यानं त्याला पुसलं जायचं. आणि मी? माझ्या बटणांत चिवड्याचे कण अडकले होते. गळिताच्या दिवसांत ऊस जाळल्याची काजळी खिडकीतून उडून यायची आणि माझ्या पंख्यांत जाऊन बसायची. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. धूळ साठली तसे पंखे जास्त घरघरू लागले. साक्षी त्यावर एकच उपाय करायची, हेडफोनचा आवाज वाढवायची. घरघर वाढली की ती आवाज आणखी एक घर वर न्यायची. तो तिच्या डोक्यावर तासन् तास बसून राही आणि तिच्या कानाशी बोले. मला तिच्या बोटांपलीकडे काही मिळत नसे.

अशी काही वर्षं गेली. मग साताऱ्याच्या एका मोठ्या दुकानानं साक्षीला आणि अंकिताला विचारलं, की आमच्याकडे येणारे सगळे नवे लॅपटॉप तुम्ही तपासाल का. दोघी आनंदून गेल्या. पहिला व्हिडिओ साक्षीनं फार मन लावून तयार केला. पण तो लोकांपुढे गेला आणि तक्रारी सुरू झाल्या. सगळा आवाज डाव्या कानातच येतो, उजवीकडे काहीच नाही, असं जो तो लिहू लागला. अंकितानं फोन करून तेच सांगितलं. दुकानदारानं मोठ्या सौजन्यानं कळवलं, की पुढचा व्हिडिओही असाच झाला तर दुसऱ्या कुणाला तरी बघावं लागेल.

साक्षीला ते पटेना. तिला तर दोन्ही बाजू सारख्या वाटत होत्या. उलट डावी बाजू कमी पडते म्हणून तिनंच ती पुष्कळ वाढवली होती. शेवटी तिनं दोष माझ्यावर ठेवला. लॅपटॉप म्हातारा झाला, डावी बाजू नीट देत नाही, आता तो विकून नवा घ्यायचा, असं ती घरात म्हणाली.

माझ्या काळजात काय झालं ते कसं सांगू? मी जाणार होतो आणि हेडफोन राहणार होता. उद्या त्याची पिन दुसऱ्या कुणाच्या कुशीत बसणार होती.

विकण्याआधी एकदा दाखवावं म्हणून तिनं मला सांगलीत नाथाजींकडे नेलं. ते असली यंत्रं दुरुस्त करतात. त्यांनी हेडफोन लावून ऐकलं, मग पिन काढून माझ्या स्पीकरवर ऐकलं. दोन्हीकडे दोन्ही बाजू सारख्या आहेत, फक्त पंखे साफ करायला हवेत, असं ते म्हणाले. साक्षीनं मान हलवली, पण तिचा विश्वास बसला नव्हता.

घरी आल्यावर तिनं मला टेबलावर ठेवलं आणि हेडफोन उलटा घातला, उजवी बाजू डाव्या कानावर. थोडं ऐकलं. पुन्हा सरळ घातला. पुन्हा उलटा. मग तो काढून तिनं मांडीवर ठेवला. आतापर्यंत ज्या बाजूला ती खणखणीत म्हणत होती, ती बाजूही डाव्या कानावर आली की दबून जात होती. मला कळलं होतं. तिलाही कळलं असावं. तरी तिनं पिन काढली, माझ्या स्पीकरवर आवाज लावला आणि ती पुढं वाकली.

दारात तिचे वडील उभे होते. तानाजीराव सैन्यात तोफखान्यात होते. निवृत्त होऊन आता ऊस बघतात. ते बराच वेळ तिच्याकडे बघत होते.

"साक्षे, ऐकताना मान का वळवतीस?"

"कुठं वळवली आबा?"

"आत्ता वळवलीस. उजवा कान म्होरं केलास." ते येऊन तिच्याजवळ बसले. "तोफंवर असताना माजंबी आसंच झालं हुतं. मला वाटायचं वायरलेसचा सेटच खराब हाय. किती दिवस सेटला शिव्या दिल्या. सेट बरा हुता गं. कान माजा गेलता."

साक्षीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही. आबांनी हात पुढं करून माझा आवाज बंद केला.

मित्रांनो, खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. माझ्यावरचा डाग पुसला गेला होता आणि माझा वैरी तिच्या मांडीवर मुका पडला होता. पण त्या वेळी माझ्यात आनंद शोधूनही सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी ते दोघं मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडे गेले. लहानपणी तिचा डावा कान फुटायचा, तो आधीच नाजूक होता. त्यात वर्षानुवर्षं एवढ्या मोठ्या आवाजाचा मार. गेलेलं ऐकू येणं परत मिळणार नाही, राहिलेलं मात्र जपता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि डाव्या कानासाठी यंत्र लिहून दिलं. यंत्राची डबी घेऊन ती घरी आली, पण तिनं ती उघडलीसुद्धा नाही. लोक काय म्हणतील, कानाला यंत्र लावून ही आवाज तपासते, हेच तिच्या मनात होतं. आबांनी समजावलं तेव्हा ती म्हणाली, "तुमचं कपाटात पडलंय न्हवं? तुमी घाला, मग मी घालती."

आबा उठले. कपाटातून त्यांनी आपलं यंत्र काढलं, फुंकर मारली आणि चाचपडत कानात बसवलं. मग साक्षीनं डबी उघडली.

पुढच्या व्हिडिओत साक्षीनं सगळं सांगितलं. लॅपटॉप चांगला होता, कान माझा अधू होता, मी त्याला फुकट नावं ठेवली, असं ती कॅमेऱ्यापुढं म्हणाली. आता आवाज तपासताना अंकिता शेजारी बसते आणि दोघींचं एकमत झाल्याशिवाय शब्द बाहेर जात नाही. साताऱ्याच्या दुकानानं काम काढून घेतलं नाही. मला विकलं नाही. नाथाजींनी माझ्या पंख्यांतली काजळी काढली, त्यामुळे मी हळू बोललो तरी खोलीत ऐकू येतं.

आणि हेवा? तो अजून आहे. हेडफोन आता थोडा वेळच तिच्या डोक्यावर बसतो, म्हणून त्याच्यावरचा माझा राग गेला. पण शेंगदाण्याएवढं ते यंत्र दिवसभर तिच्या कानात बसून असतं, ते बघून मी अजूनही जळतो. तरी ते कधी बिघडू नये असं मला मनापासून वाटतं.

मित्रांनो, आमची धूळ झटकत जा. आमची घरघर वाढली की आवाज वाढवू नका, आम्हाला साफ करा. माझा स्पीकर फाटला तर नाथाजी दुपारपर्यंत दुसरा बसवून देतील. तुमच्या कानाच्या आत जे आहे, ते बसवून देणारं दुकान मिरजेतही नाही.