तपासणीचा हात

"अगं, मूल आहे ते. टॉवेलचा तागा नव्हे," पिशवीत कपडे कोंबता कोंबता सासूबाई म्हणाल्या.

सुनेच्या मांडीवर बाळाने पाठ ताणून धरली होती आणि रडून घर डोक्यावर घेतलं होतं. तिने त्याला खांद्यावर घेतलं, परत मांडीवर घेतलं, उठली, बसली. घड्याळाकडे तर सारखं लक्ष. दुपारी नवरा टेम्पो घेऊन येणार आणि आईला थोरल्या भावाकडे पोचवणार. तिकडे थोरल्या जावेचे दिवस भरत आले होते. मग इथे हे पोर आणि ती, दोघंच. आणि पोराला तर तिचा हात नको.

हे काही तिच्या मनाचे खेळ नव्हते. सासूबाईंनी हात लावला की पोर सैल पडायचं, तिने लावला की आखडायचं. जिने जन्म दिला तिचंच वावडं. आदल्या दिवशी तिने मलम चोपडून हात मऊ केले. उपयोग शून्य. मग सासूबाईंची शाल पांघरून बसली, म्हणजे वासाने तरी फसेल. पोर कसलं फसतंय. शालीवर दूध ओकून मोकळं झालं.

ती टॉवेलच्या गिरणीत तपासणीला होती. तिथली रीत अशी, की डोळ्यांनी बघत बसायचं नाही. नजर समोर ठेवायची आणि तळहात कापडावरून सरसर ओढत न्यायचा. गाठ लागली, धागा सुटला, की खडूची खूण, आणि पुढे. लग्नाआधीपासून हेच करून तिचा हात असा तयार झाला होता, की चांगलं कापड त्याला जाणवायचंच नाही, खोट तेवढी जाणवायची. त्यात बाळ अपुऱ्या दिवसांचं, काचेच्या पेटीत राहून आलेलं. घरी आणल्यापासून तिचा हात थांबलाच नव्हता. ताप आहे का, पोट फुगलंय का, श्वास नीट चाललाय ना.

"दे इकडे." सासूबाईंनी बाळाला उचलून गादीवर ठेवलं आणि स्वतः तिच्याकडे पाठ करून बसल्या. "फिरव हात."

"तुमच्या पाठीवरून?"

"मग काय भिंतीवरून? मला निदान बोलता येतं. त्याला येत नाही म्हणून तो रडतो."

ती अवघडली. इतक्या वर्षांत दोघींनी एकमेकींना ताटं वाढली होती, टोमणेही मारले होते, पण हात कधी लावला नव्हता. तिने तळवा टेकवला आणि सवयीने सर्रकन खाली ओढला.

"काय सापडलं?"

"डाव्या खांद्याखाली गाठ आहे. कण्याची हाडं वर आलीत."

"मी विचारलं होतं का? ती गाठ जुनी आहे, असू दे तिथंच. आता काही शोधू नकोस. नुसता फिरव. सावकाश."

तिने फिरवला.

"अजून सावकाश. आणि घड्याळ नको," सासूबाई न वळताच म्हणाल्या.

मानेपासून कंबरेपर्यंत हात पोचेस्तोवर तिचाच जीव कासावीस झाला. पुन्हा फिरवला. पुन्हा. सासूबाईंचे खांदे खाली आले होते.

"झोप लागली का?"

"नाही." सासूबाईंनी पदर सारखा केला. "हे गेल्यापासून कुणी असा…" वाक्य अर्धंच सोडून त्या उठल्या. "पुरे. त्याला घे."

तिने बाळाला घेतलं. ते आखडलं. हात पोटाकडे धावायला बघत होता, तिने तो आवरला आणि इवल्याशा पाठीवरून हळूहळू आणला. काही न शोधता. बाळाचं रडणं हुंदक्यांवर आलं. मूठ उघडली. त्याने तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि एक लांब सुस्कारा सोडून तिच्या अंगावर सैल पडलं. तिला रडू फुटलं. किती दिवसांची भीती होती ती.

"लबाड कुठला. मला विसरायला एवढासा वेळ," सासूबाई म्हणाल्या आणि आधीच बंद केलेली पिशवी उघडून पुन्हा बंद करू लागल्या.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. सासूबाई पिशवी घेऊन दाराशी गेल्या. खांद्यावर झोपलेलं बाळ घेऊन ती मागोमाग आली. मोकळा हात तिने त्यांच्या पाठीवर ठेवला आणि खाली आणू लागली. गाठ लागली. हात त्या गाठीवरूनही तसाच, सावकाश गेला.

हॉर्न पुन्हा वाजला.

"येतेय म्हणून सांग त्याला," सासूबाई म्हणाल्या, आणि पिशवी हातात धरून, पाठ न वळवता तशाच उभ्या राहिल्या.