सासूबाईंचा बिल्ला

माझ्या सासूबाई म्हणजे एक नंबरच्या खडूस. तांब्याच्या खाणीच्या तोंडाशी त्यांची दिवे वाटायची खोली. एका भिंतीला दिवे, दुसरीला खिळे ठोकलेला फळा. खाली उतरणाऱ्यानं आपला पितळी बिल्ला आपल्याच हातानं खिळ्याला लावायचा, वर आला की आपल्याच हातानं काढायचा. बिल्ला नाही तर दिवा नाही. मुकादमालासुद्धा त्यांनी बिल्ल्यासाठी घरी पिटाळलं होतं.

दोन वर्षांपूर्वी डोंगरातल्या बंडखोरांनी खाण घेतली. नळाचं पाणी, शाळा, भांडणतंटे, सगळं तेच बघायला लागले. तांबंही त्यांचंच. फळा मात्र ठेवला. उलट त्यांच्या कमांडरनं दारावर हुकूम डकवला, की फळ्यावर एक जरी बिल्ला असला तरी सुरुंग उडवायचा नाही. त्यांच्याच एका माणसानं तो मोडला, दोघे गाडले गेले, तेव्हा कमांडरनं त्याला भर चौकात गोळी घातली.

त्या दुपारी मी कपडे भिजवत होते. नवऱ्याच्या कालच्या शर्टाच्या खिशात बिल्ला! धांदरट मेला! तशीच ओल्या हातांनी पळत सुटले.

खाणीवर वेगळंच चाललेलं. सरकारी फौज पुलापर्यंत आली होती. तांबं तिच्या हाती लागू नये म्हणून बंडखोर खाणीचं तोंडच उडवणार होते. भोंगा झाला होता, माणसं वर आली होती, फळा रिकामा होता. सुरुंगाच्या ताराही जोडून झालेल्या.

"माझा नवरा खाली आहे हो! लांबच्या पंपावर. तिथं भोंगा ऐकू जात नाही."

"खाण वाचवायला सकाळपासून रडणारी तू तिसरी," कमांडर म्हणाला.

सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "खरं सांगतेय ती. मघापासून मीही तेच सांगतेय. बिल्ला घरी राहिला म्हणाला. पोटचा पोर म्हणून मीच दिवा दिला. चुकले मी."

"फळा सांगेल ते खरं. हुकूम आहे."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. गळ्यातल्या दोऱ्यातला स्वतःचा बिल्ला काढून त्यांनी खिळ्याला लावला, दिवा उचलला आणि गुडघे सावरत शिडी उतरायला लागल्या.

एक शिपाई बिल्ल्याकडे सरसावला. "हात लावू नकोस!" कमांडर ओरडला.

तोफा जवळ येत होत्या. ज्याच्या शब्दावर अख्खा मुलूख उठायचा-बसायचा, तो माणूस बोटभर पितळेपुढे घाम पुसत उभा होता. पाऊण तास! मी आ वासून कधी त्याच्याकडे, कधी त्या बिल्ल्याकडे बघत होते. या बाईला मी रोज मनातल्या मनात शिव्या घालायचे. माझी मलाच लाज वाटली.

आधी नवऱ्याचं डोकं दिसलं, मागून सासूबाई. मी हंबरडाच फोडला. तो माझ्याकडे धावला, तर त्यांनी त्याची कॉलर धरली.

"आधी बिल्ला लाव."

मी मुठीतला बिल्ला त्याच्या हातात दिला. त्यानं लावला.

"आता काढ."

मग त्यांनी आपला काढायला घेतला. तो खिळ्यात घट्ट बसला होता, निघेना. कमांडरचा हात पुढे आला, आणि त्यानं तो स्वतःच मागे घेतला. शेवटी बिल्ला निघाला.

तारेपाशी शिपाई हुकमाची वाट बघत होता. फळा रिकामा होता, पण कमांडरनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मावशी," त्यानं सासूबाईंना विचारलं, "खाली आणखी कोणी?"