चोवीस युद्धनौका आणि मी एकटी

मी एक जुनी युद्धनौका आहे. पाण्यातली नव्हे, अंतराळातली. मित्रांनो, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे सवड मिळणार नाही. उमेदीच्या काळात मी नऊ युद्धं लढले आणि अकरा ग्रह बेचिराख केले. त्यातला एक ग्रह फुटबॉल होता, हे मी कबूल करते. बाकीचे दहा फुटबॉल नव्हते. ते भोपळे होते.

माझा जन्म एका पत्र्याच्या गोदामात झाला. तिथे काही खटपटी माणसं मिळून टीव्हीसाठी चित्रपट बनवत. चित्रपट अंतराळातल्या महायुद्धांचे आणि खर्च घरगुती वाढदिवसाएवढा! मला घडवलं सुतारदादांनी. माझं धड म्हणजे पाण्याचा जाडजूड नळ. नाक म्हणजे शाम्पूची मोठी बाटली. मागची दोन इंजिनं म्हणजे केस वाळवायच्या यंत्रांची तोंडं. बंद पडलेल्या टाइपरायटरच्या कळा दादांनी माझ्या पाठीवर चिकटवल्या, म्हणजे दुरून त्या तोफा दिसाव्यात. अगदी जवळ येणाऱ्याला मात्र त्या तोफांवर क, ख, ग वाचता यायचं.

नाकापासून शेपटीपर्यंत मी जेमतेम चार फूट. पण पडद्यावर माझ्या पोटात तीन हजार सैनिक राहत आणि त्यांच्यासाठी आत पोहण्याचा तलावही होता, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणते.

रंगाचं काम दादांच्या लेकीकडे होतं. युद्ध म्हटलं की दोन फौजा हव्यात, आणि दुसरी नौका बनवायला ना सामान होतं ना जागा. मग लेकीने शक्कल लढवली. माझी डावी बाजू तिने निळी रंगवली. ती आपली फौज. उजवी बाजू तांबडी रंगवली आणि तिच्यावर तीन काळे ओरखडे काढले. तो शत्रू. त्यामुळे पडद्यावर डावीकडे तोंड करून निघाले की मी शूर आणि उजवीकडे तोंड करून निघाले की मी दुष्ट. गोळी झाडणारीही मीच आणि ती चुकवणारीही मीच. इतक्या वर्षांत मी स्वतःला फक्त एकदा लागले, आणि तेव्हा दोन्ही बाजूंनी मनसोक्त विव्हळून घेतलं.

त्या गोदामात मी खरंच सुखात होते. मागे काळा पडदा, त्याला टाचणीने पाडलेली भोकं आणि भोकांमागे दिवे. झालं आमचं तारांगण. उल्का म्हणजे उकडलेले बटाटे. युद्ध संपलं की सगळे मिळून त्यांची भाजी करून खात. दिग्दर्शकांना सगळे 'सेनापती' म्हणत, कारण ते साधं पाणी मागायचं तरी हल्ला केल्यासारखं मागत. कॅमेरावाल्यांचं नाव पडलं होतं 'मोजणीकाका'. ते नाव का पडलं आणि त्या मोजणीने काय घोटाळा केला, तीच तर माझी खरी गोष्ट आहे.

त्या वर्षी टीव्हीवाले साहेब गोदामात आले. उभ्यानेच म्हणाले, "मागचे दोन चित्रपट तुम्ही उशिरा दिलेत. हा शनिवारी सातला दाखवायचाय. सातच्या आत हातात पडला नाही, तर पुन्हा आमच्या दाराशी येऊ नका."

सेनापती त्या दिवशी पहिल्यांदा हळू बोलले. "पोचेल," एवढंच म्हणाले.

शत्रूचं एक छोटं दृश्य आणि ताफ्याचं मोठं दृश्य, एवढंच चित्रीकरण बाकी होतं. आपल्या चोवीस युद्धनौका शत्रूच्या ग्रहावर चाल करून जातात, असं ते मोठं दृश्य. आता तुम्ही विचाराल, नौका एक आणि ताफा चोवीसचा कसा? तर ऐका. मला चार दोऱ्यांनी एका तारेवर टांगत. दादा टोकाचं चाक फिरवत आणि मी काळ्या पडद्यापुढून सरकत जाई. दहा सेकंद चित्रीकरण झालं की कॅमेऱ्याचं तोंड झाकून फिल्म मागे गुंडाळायची, मला थोडं वर किंवा खाली टांगायचं आणि त्याच फिल्मवर पुन्हा चित्रीकरण करायचं. काळा पडदा फिल्मवर उमटत नाही, मी तेवढी उमटते. असं चोवीस वेळा केलं की चोवीस नौका. फक्त मोजणी चुकायला नको. मोजणीकाका दर खेपेला फिल्मवरून सरकणाऱ्या चित्रांचे आकडे तोंडाने मोजत, आणि मोजताना डोळे गच्च मिटून घेत. उघडे ठेवले की आकडा चुकतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

गुरुवारी सकाळी आम्ही शत्रूचं एक दृश्य उरकलं. तेव्हा मी तांबडी होते, उजवीकडे जात होते. दुपारी निळा ताफा सुरू झाला. एक, दोन, तीन, अशा चौदा नौका नीट पार पडल्या. आणि फटकन दिवा उडाला.

लेक नवा दिवा आणायला दुकानाकडे पळाली. दादांनी मला उतरवून बाजूला ठेवलं, शिडी लावली, तारा तपासल्या. दिवा आला, लागला. सेनापती बाहेर फोनवर साहेबांना "पोचेल, पोचेल" सांगत होते. लेक उडालेल्या दिव्याच्या काचा गोळा करत होती. दादांचं डोकं अजून तारांमध्येच होतं. त्यांच्या हातांनी मला उचललं आणि सकाळच्या सवयीने टांगलं. तांबडी बाजू कॅमेऱ्याकडे, तोंड उजवीकडे. मग ते सकाळच्याच टोकाला गेले आणि सकाळचंच चाक फिरवू लागले.

"चालू," मोजणीकाका म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

मी जिवाच्या आकांताने ओरडले. पण अंतराळात आवाज पोचत नाही, हे तुम्ही विज्ञानात शिकलाच असाल.

सोळाव्या खेपेला तारांची काळजी मिटली आणि दादांनी मला दुपारच्या सवयीने पुन्हा निळ्या बाजूने टांगलं, आणि मधली पंधरावी कुणाच्या लक्षातही आली नाही.

शुक्रवारी सकाळी फिल्म धुऊन आली. भिंतीवर चादर ताणून सगळे बघायला बसले. चादरीवर निळ्या नौकांचा ताफा डावीकडे निघाला. असा देखणा ताफा मी आजवर पाहिला नव्हता, आणि त्यातल्या सगळ्या मीच होते. एवढ्यात दुसऱ्या टोकाकडून एक तांबडी नौका आली. शांतपणे ताफ्याच्या मधोमध शिरली, कुणालाही न धडकता सरळ पार गेली आणि उजवीकडे दिसेनाशी झाली.

"थांबवा!" सेनापती गरजले. "ही बया कोण?"

दर खेपेला नौकेची जागा टिपायला कॅमेऱ्याच्या काचेवर खुणा करत, त्या मोजणीकाकांनी तपासल्या. "पंधरावी."

"तुम्ही बघत नव्हतात?"

"मोजत होतो."

"डोळे मिटून?"

"वीस वर्षं असाच मोजतोय. कधी एक चित्र इकडचं तिकडे झालं नाही. हिचीसुद्धा मोजून घ्या, सेकंदाला चोवीस, दहा सेकंदांची बरोब्बर दोनशे चाळीस भरतील."

"दोनशे चाळीस चित्रं शत्रूची! शाबास! आता फिल्म किती उरली?"

मोजणीकाकांनी डबा उघडून पालथा केला. त्यातून काहीच पडलं नाही.

मग दादा उठून उभे राहिले. "त्यांना बोलू नका. टांगलं मी, चाकही मीच फिरवलं. माझ्या हातून झालं."

"बाबा, मध्येच दिवा गेला होता म्हणून..." लेक म्हणाली.

"दिवा गेला होता. मी कुठे गेलो होतो?"

लेकीने सुई घेऊन तांबडी नौका फिल्मवरून खरवडता येते का, ते बघितलं. पहिल्याच चित्रात शेजारच्या दोन नौकांच्या शेपट्या निघाल्या. तिने सुई ठेवून दिली. सेनापती खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हे दृश्य गाळलं तर फौज घरात बसून जिंकली म्हणायचं का? दाखवलं तर लोक हसतील. संपलं. मी साहेबांना फोन करतो."

"फोन नंतर करा," दादा म्हणाले. "आधी पुन्हा लावा."

"कशाला? बघून ती वळणार आहे का?"

"लावा हो!"

पुन्हा लावलं. दादा चादरीच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "अजून एकदा." तिसऱ्यांदा लावलं तेव्हा सेनापतींनी कपाळाला हात लावला होता, पण दादांची नजर हलली नाही. आपल्या हातून बिघडलेली वस्तू आहे, तर तिचं काय होतं ते बघितल्याशिवाय मागे हटायचं नाही, असा त्यांचा चेहरा होता. लाकूड चुकीचं कापलं गेलं की ते असंच बघत बसत आणि फळीचं निदान स्टूल तरी करून सोडत.

"हिला कुणी मारत नाही," दादा म्हणाले.

"म्हणजे?"

"बघा ना. चहूबाजूंनी आपली फौज. शत्रूची एकटीच मधून चाललीय आणि कुणी गोळी झाडत नाही. म्हणजे कुणीतरी 'नको' म्हटलं असणार."

सेनापतींचा हात कपाळावरून खाली आला. "कोण म्हणणार नको?"

"चित्रपटातला तुमचा तो सरसेनापती म्हणेल. आत जखमी असतील."

"शत्रूचे?"

"जखमी म्हटल्यावर शत्रूचे काय आणि आपले काय?"

लेक एकदम उठली. "तिने पांढरा दिवा दाखवला असं आधी बोलण्यात घालता येईल. आणि नंतरचा तो ग्रह उडवायचा भाग आहे ना, तो काढूनच टाकू. इथेच संपवू."

"युद्ध न जिंकता?" सेनापतींनी विचारलं.

"थांबवलं, म्हणायचं."

सेनापती गोदामात एक फेरी मारून आले. परत आले तेव्हा त्यांचा नेहमीचा आवाज परत आला होता. "पण बोलणार कोण? सरसेनापतीचं काम करणारा नट परवाच परगावी गेला. दादा, तुम्ही चुकलात ना? मग तुम्हीच बोला!"

आवाज रेडिओवरून आल्यासारखा वाटावा म्हणून दादांचं डोकं एका रिकाम्या पत्र्याच्या पिंपात घातलं. पहिल्या खेपेला दादा खोकले. दुसऱ्या खेपेला बाहेर कुणीतरी हातोडा मारला. तिसऱ्या खेपेला सेनापती म्हणाले, "जरा नटासारखं बोला हो!" तेव्हा पिंपातून आवाज आला, "नटासारखं मला येत नाही. शिडी घेऊन जाताना लोकांना सांगतो, तसं सांगू का?"

"सांगा बाबा, तसं सांगा."

आणि मग दादा बोलले. "अहो, जरा बाजूला व्हा. येऊ द्या तिला. आत दुखावलेली माणसं आहेत. वाट द्या."

मित्रांनो, मी थापा मारते, हे एव्हाना तुम्ही ओळखलं असेल. पण ही थाप नाही. त्या चार वाक्यांनंतर मी बघितलं, तर मोजणीकाकांनी डोळे मिटले होते, आणि या वेळी ते काहीही मोजत नव्हते.

शनिवारी दुपारभर फिल्म कापणं आणि जोडणं चाललं. साडेसहाला लेक डबा छातीशी धरून स्कूटरवर मागे बसली. सेनापतींनी स्कूटर अशी हाणली, की माझ्या नऊ युद्धांत मी कधी तेवढ्या वेगाने उडाले नाही. सातला सहा मिनिटं असताना डबा साहेबांच्या टेबलावर पडला.

सोमवारी गोदामाच्या दारात एक नर्स आली. कामावर जाता जाता थांबली होती. तिने विचारलं, "ते 'वाट द्या' म्हणणारे कोण?" दादा रंधा मारत होते. लेकीने त्यांच्याकडे बोट दाखवलं. नर्स म्हणाली, "परवा आमच्या वॉर्डात सगळे बघत होते. तुमचं वाक्य आलं आणि सगळे गप्प झाले. एवढंच सांगायला आले." दादा रंधा मारतच राहिले, पण त्या दिवशी त्यांनी ती फळी गरजेपेक्षा बरीच जास्त गुळगुळीत केली. साहेबांनी पुढच्या चित्रपटाचं काम दिलं. दादांनी त्यानंतर मला टांगण्याआधी दर वेळी मोठ्याने विचारायला सुरुवात केली, "कुठली बाजू?" आणि सगळ्यांनी एकदम उत्तर द्यायचं, असा नियमच झाला.

पुढे संगणक आले. त्यांच्यावर एक माणूस बसल्या जागी हजार नौका काढू लागला. मी माळ्यावर गेले. एका कबुतराने माझ्या डाव्या इंजिनात अंडी घातली. माझ्या तीन हजार सैनिकांनी एकमताने त्याला राहू दिलं. धूळ मात्र फार साचली. रंग पोपडे धरून निघाला. ज्यांनी पूर्वी कौतुकाने हात फिरवला, तेच माझ्यावर रिकामी खोकी रचू लागले. मला वाईट वाटलं, पण मी वाकले नाही. वाकायची सोयही नव्हती, नळ लोखंडी होता.

गोदाम रिकामं करायची वेळ आली तेव्हा दादांच्या लेकीने मला शोधून काढलं. तिचे केस आता पांढरे झाले आहेत. ती शाळेत हस्तकला शिकवते, आणि तिच्याच वर्गात मी खिडकीशी टांगलेली असते. म्हणजे काल दुपारपर्यंत होते.

मित्रांनो, मी हे सगळं उगाच सांगत बसलेले नाही. काल मधल्या सुट्टीत तुमच्यापैकी एकीने मला उडवून बघितलं. चांगलं केलं, मी त्यासाठीच आहे. दोरा तुटला, मी पडले आणि माझं शाम्पूचं नाक चिरलं. ती घाबरली. तिने मला कागदात गुंडाळून कपाटाच्या तळाशी, रंगाच्या डब्यांमागे दडवलं. बाई सकाळपासून मला शोधताहेत आणि ती बाकावर मान खाली घालून बसली आहे.

बाळ, वस्तू पडतात. जी पडली तिला अंधारात ठेवलं की ती खरोखर संपते. उजेडात आणून नीट बघितलं, एकदा नाही तर तीनदा, तर तिचं काहीतरी होतं. कधी आधीपेक्षा बरंही होतं. वस्तूंची काळजी घेणं म्हणजे त्यांना हातच न लावणं नव्हे. आपल्या हातून काय झालं ते सांगणं आणि मग त्याच हाताने दुरुस्त करायला बसणं, ही खरी काळजी.

तेव्हा ऊठ. बाई रागावतील असं तुला वाटतं. मी त्यांना लहानपणापासून ओळखते, त्या आधी चष्मा शोधतील. डिंक दुसऱ्या कप्प्यात आहे, घासकागद त्याच्या शेजारी. मला चार नवे दोरे लागतील आणि धरायला दोन हात. कपाटाचं दार जरा जड आहे, दोन्ही हातांनी ओढ.