नणंदेच्या दिव्यात पाणी

मी तोंडाची फटकळ आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. पण माझ्या कामाला कोणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत. बोटींचे तळ घासायला जे पाणबुडे खाली उतरतात, त्यांचे मुठीत मावणारे दिवे मी सांभाळते. धुणं, पुसणं, झाकण लावून बंद करणं, सगळं माझ्याकडे. आणि एवढ्या दिव्यांमधून एकाच पाणबुड्याच्या दिव्यात दोनदा पाणी शिरलं. तेही कोणाच्या? माझ्या सख्ख्या नणंदेच्या!

"वहिनी, काल बोटीच्या पोटाखाली होते आणि एकदम काळोख," ती म्हणाली. "चाचपडत बाहेर आले. उद्या त्याहून मोठ्या बोटीखाली जायचंय. तुला जमत नसेल तर सांग, मी दिवे दुसरीकडे देते."

"जमत नसेल? अगं, तू पोहायला शिकत होतीस तेव्हापासून मी हे करतेय!"

ती निघून गेली, पण मला ते लागलं. खरं सांगायचं तर राग कमी आणि भीती जास्त होती. काल तिला काही झालं असतं तर?

भिजलेला दिवा घेऊन मी घराखालच्या कारखान्यात बसले. या दिव्याची सगळी भिस्त एका रबरी रिंगवर असते. झाकणाखालच्या खाचेत ती बसते आणि पाणी अडवते. सुईने काढली तर ओरखडा पडतो, म्हणून मी जुन्या प्लास्टिकच्या कार्डाच्या कोपऱ्याने उचलते. धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसायची आणि ग्रीसचं नुसतं बोट फिरवायचं, चमक येईल इतकंच. लोकांना वाटतं, भरपूर थापलं की पाणी येणार नाही. अति तिथे माती! त्या चिकट्याला वाळू येऊन बसते ती बसतेच.

आणि या रिंगवर ग्रीस चांगलं थापलेलं होतं. हा माझा हात नव्हे. भिंगाखाली धरली, तर त्या ग्रीसमध्ये आडवा एक केस. आखूड, जाड, पांढरा. पाण्याला आत यायला तेवढी फट पुरते.

माझेही केस पांढरेच आहेत, खोटं कशाला बोलू, पण मी रंगवते. नवऱ्याच्या डोक्यावर औषधालाही केस नाही. उरले सासरे आणि त्यांच्या मिशा.

मी तरातरा जिना चढले. बाबा खिडकीशी बसले होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मांडीवर नणंदेचा नवा दिवा, उद्यासाठी मी सकाळीच बंद करून तिच्या खुंटीला अडकवलेला. त्याचं झाकण बाबांच्या हातात!

"बाबा!"

साखरेचा डबा उघडताना पकडल्यासारखे ते दचकले.

"एकदा बघून घेत होतो गं. तुझं काम चोखच असतं. पण मासोळी खाली जाणार म्हटलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. जरा ग्रीस वाढवतो, पुन्हा घट्ट लावतो." लेकीला ते मासोळीच म्हणतात.

"आणि बाकीच्यांचे दिवे?"

"ते कशाला उघडू?"

घ्या! म्हणून एकट्या लेकीच्या दिव्यात पाणी. बाबा स्वतः जुने पाणबुडे. त्यांच्या काळात दिवे हंड्याएवढे असायचे, त्यांना ग्रीस थापावंच लागे.

मी रिंग आणि भिंग त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे तिला अंधारात मीच..."

माझा राग कुठल्या कुठे गेला. 'नाही हो बाबा' असं अगदी जिभेवर आलं होतं. पण तसं म्हटलं असतं तर उद्याचा दिवा मी पुन्हा बंद केल्यावरही त्यांनी उघडला असता.

"हो, बाबा," मी म्हटलं.

तेवढ्यात खालून नणंदेची हाक आली. "वहिनी, सापडलं का काही?"

मी तोंड उघडायच्या आत बाबाच जिन्याशी गेले. "मासोळे, वर ये. वहिनीला उगाच बोललीस. तुझ्या दिव्यात पाणी मी घातलं."

ती वर आली. तिने केस पाहिला, मग बाबांच्या मिशा पाहिल्या.

"म्हणजे आता मिशी भादरायची का?" बाबांनी पडल्या आवाजात विचारलं.

नणंद हसता हसता रडायलाच लागली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वहिनी, चुकले गं."

"ते राहू दे," मी म्हटलं. "आता माझं ऐका. बंद केलेला दिवा ती जाण्याआधी कोणीही उघडायचा नाही. ती परत आली, दिवा गोड्या पाण्यात धुऊन पुसला, की मग उघडायचा. ते उघडण्याचं काम आजपासून तुमचं, बाबा."

सकाळी मी त्यांच्यासमोर दिवा बंद केला आणि पेटवून बादलीत बुडवला. बाबा हात मागे बांधून पाण्यात टक लावून बसले. एकही बुडबुडा आला नाही. नणंद दिवा घेऊन गेली. बाबांना जेवण गेलं नाही.

दुपारी ती आली. दिवा धुऊन, पुसून तिने बाबांच्या तळहातावर ठेवला.

"शेवटपर्यंत लख्ख होता, बाबा. उघडा आता."

बाबांनी सावकाश झाकण फिरवलं, आत बोट घालून पाहिलं. "कोरडा आहे," ते म्हणाले. मग दिवा त्यांनी माझ्याकडे दिला, लेकीचा हात धरला आणि काही केल्या सोडेनात.