हंगामी अध्यक्षांची बायको

दवाखान्यात न्यायची पिशवी रक्षकांनी खाली दारावरच ठेवून घेतली आणि तिला विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीत पाठवलं, तेव्हाच तिचं डोकं तापलं होतं. "दुपारपर्यंत मी मोकळा होतो, तिथूनच थेट तुझ्या ऑपरेशनला जाऊ," असं नवऱ्याने सकाळी चहा पिताना छातीठोकपणे सांगितलं होतं. त्याच्या छातीठोकपणाचा तिला चांगला अनुभव होता. ऑपरेशन आधी दोनदा पुढे ढकललं होतं, आणि दोन्ही वेळा या सभागृहापायीच. मोतीबिंदू पिकून कडक झालाय, आता टाळाटाळ केलीत तर डोळ्याची खात्री देणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

सभागृहाचं घोडं अडलं होतं ते असं. निवडणुकीत दोन्ही बाजूंना अगदी सारख्या जागा मिळाल्या आणि मधे उरला एकटा अपक्ष, म्हणजे तिचा नवरा. वयाने सगळ्यांत थोरला, म्हणून रिवाजाप्रमाणे त्यालाच हंगामी अध्यक्ष करून खुर्चीत बसवलं. काम एवढंच, की कायमचा अध्यक्ष निवडून घ्यायचा आणि खाली उतरायचं. पण मतं सारखी पडली तर निकाली मत त्याचं, आणि हा गृहस्थ ताकास तूर लागू देईना. त्यामुळे मतदान घ्यायची छाती कुणालाच होत नव्हती. एक दिवस ही बाजू गोंधळ घालायची नि ती सभात्याग करायची, दुसऱ्या दिवशी अदलाबदल. आणि हा घरी येऊन म्हणायचा, "लोकशाही आहे, वेळ लागतो." लोकशाहीला लागू दे वेळ, पण माझ्या डोळ्याने काय घोडं मारलंय तिचं?

शेजारी नणंद बसली होती. सोबतीला म्हणून आली होती, पण भावाला उंच खुर्चीत बघून तिला सोबतीचा साफ विसर पडला होता. "वहिनी, दादा काय शोभून दिसतोय गं!"

"तुला दिसतोय ना? मग माझ्याही वाटचा बघून घे."

तिला दिसत होते ते डावीकडे एक पांढुरका ढीग, उजवीकडे तसलाच दुसरा आणि मधे उंचावर एक ठिपका. त्या दोन ढिगांत फरक काय, हे तर डोळे चांगले असतानाही तिला कधी कळलं नव्हतं.

अचानक खालचा आरडाओरडा थांबला. "दोन्ही गटनेते एकमेकांच्या कानाला लागलेत," नणंद कुजबुजली. "हसतायत पण!" मग त्यातला एक उठला आणि घसा साफ करून बोलायला लागला. दादासाहेबांसारखं निष्पक्ष व्यक्तिमत्त्व आपल्याला लाभलंय, तेव्हा आम्ही दोन्ही बाजू मिळून कायमच्या अध्यक्षपदासाठी त्यांचंच नाव सुचवतो. बाकं वाजायला लागली. दोन्हीकडची, एकदमच. नणंदेने तिचा हात इतका आवळला की बांगडी रुतली.

ती मात्र मनातून चरफडली. इतके दिवस एकमेकांच्या उरावर बसणारी ही माणसं एका गोष्टीवर एकत्र आली, आणि ती गोष्ट नेमकी तिच्याच मुळावर! त्यांना निष्पक्ष माणूस कुठे हवा होता? निरुपद्रवी हवा होता. आता हा हो म्हणाला, की संध्याकाळपर्यंत खुर्ची सुटायची नाही आणि डॉक्टरीणबाई आपल्या घरी जाणार.

पण तो नाही म्हणेल. तिला माहीत होतं. नाही म्हणायच्या आधी तो खोकतो. लग्न झाल्यापासून एकदाही न खोकता तो कुणाला नाही म्हणाला नव्हता. चेहरा दिसत नव्हता, तरी कान शाबूत होते. ती कान देऊन बसली.

ठिपका उभा राहिला. सभागृह चिडीचूप झालं.

"आपण सर्वांनी माझ्यावर जो विश्वास दाखवला..."

खोकला आलाच नाही. आवाज कसा गोड, भरलेला. पहिली मुलगी झाल्याचं सांगताना होता तसा. तिला रागाच्याही आधी रडू आलं. मग ती उठली.

गॅलरीतला रक्षक धावत आला. "बाई, खाली बसा! अध्यक्ष उभे असताना कुणी उभं राहायचं नसतं. नियम आहे."

"घरी हे उभे असले की मी कधी बसलेली नसते," ती म्हणाली. "आज बरी बसेन?"

हळू बोलायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही. ते शब्द शांत सभागृहात थेट खाली पोचले. भरल्या सभेत तेवढी एकच बाई उभी होती.

"वहिनी, अगं बस ना, दादा बोलतोय!" नणंद म्हणाली.

"ऐक तू. मला उशीर होतोय."

ती चाचपडत दाराशी आली. मागे ते गोड वाक्य मधेच तुटलं. आणि मग ध्वनिक्षेपकातून, सबंध सभागृहाला ऐकू जाईल असा, तो खोकला.

जन्मभर त्या खोकल्याला ती थांबत आली होती. आताही पाय थांबलेच. पण पुढे तो काय म्हणतो ते ऐकायला ती थांबली नाही. पायऱ्यांच्या कडा दिसत नव्हत्या. तिने कठडा घट्ट धरला आणि पायाने अंदाज घेत ती एकेक पायरी उतरायला लागली. खाली तिची पिशवी होती.